स्टेरॉलवालं स्प्रेड फोडणीला वापरावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंच्या वडिलांचं वय ६४, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १५२ आलं म्हणून डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी सुरू केली आहे. मँचेस्टरला असलेला भाऊ दर फेरीला, कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी ‘प्लांट स्टेरॉल’ (वनस्पतींतला कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ) घातलेल्या स्प्रेडचे तीन-चार डबे आणतो. घरात ते लोण्यासारखं वापरलं जातं: पोह्यांची फोडणी, तव्यावरचं थालीपीठ, चार वर्षांच्या नातीसाठी केक. आता कुणीतरी सांगितलंय की तापवलं की त्याचं विष होतं. हे खरं का? आणि राइस ब्रान, म्हणजे तांदळाच्या कोंड्याच्या, तेलात स्टेरॉल असतंच, तर या डब्याची गरज काय?

आधी सरळ उत्तर देतो. विष होत नाही. पण ते फोडणीला आणि तव्यावर वापरू नका. बाबांच्या ताटात, जेवणाबरोबर, मोजून द्या. नातीच्या केकमध्ये अजिबात नको. आता यामागची कारणं सांगतो, कारण कारणं कळली की आईंना ‘हे करू नकोस’ म्हणून सांगावं लागणार नाही, त्यांचं त्याच ठरवतील.

मी तेला-तुपाच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढली. स्टेरॉलशी माझी पहिली ओळख भेसळ पकडून देणारा साक्षीदार म्हणून झाली. तुपात वनस्पती मिसळलंय का, हे ओळखायची एक जुनी कसोटी आहे. तुपाचं साबणीकरण करायचं, म्हणजे अल्कलीने त्याचा साबण करायचा, त्यातलं स्टेरॉल वेगळं काढायचं, त्याचं ॲसिटेट करून अल्कोहोलमधून स्फटिक पाडायचे आणि काचेच्या बारीक नळीत घालून ते किती अंशांना वितळतात ते पाहायचं. शुद्ध तुपात प्राण्याचं स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉल असतं. त्याचं ॲसिटेट ११४ अंशांच्या आसपास वितळतं. वनस्पतींच्या स्टेरॉलचं ॲसिटेट १२५च्या पुढे. थर्मामीटर ११७ ओलांडून गेला आणि नळीतले पांढरे कण अजून तसेच दिसत असले, की त्या डब्याचा निकाल लागला.

हे सांगण्याचं कारण आहे. वनस्पती तूप कारखान्यात काय-काय सोसून येतं ते बघा. तेल अल्कलीने धुतलं जातं, मातीतून गाळलं जातं, हायड्रोजनेट होतं आणि शेवटी डिओडोरायझरमध्ये, म्हणजे वास काढायच्या यंत्रात, सव्वादोनशे-अडीचशे अंशांवर त्यातून वाफ सोडली जाते. एवढं होऊनही स्टेरॉल तुपात येऊन साक्ष देण्याइतकं शिल्लक राहतं. थोडं वाफेबरोबर उडून जातं, ते ‘डिओ डिस्टिलेट’ नावाच्या गडद, उग्र वासाच्या चिकट मालात गोळा होतं. त्याच मालातून शुद्ध करून काढलेलं स्टेरॉल आज स्प्रेडच्या डब्यात घातलं जातं. म्हणजे तुमच्या भावाने आणलेल्या डब्यातल्या स्टेरॉलने बहुधा तुमच्या कढईपेक्षा जास्त आच आधीच पाहिलेली असते.

मग तव्यावर असं काय वेगळं होतं? डिओडोरायझरमध्ये निर्वात असतो, हवा नसते. तव्यावर हवा असते. स्टेरॉलला खरा त्रास ऑक्सिजनचा. आच फक्त त्या ऑक्सिजनचा वेग वाढवते.

रसायनशास्त्र दोन परिच्छेदांत सांगतो. वनस्पतींची स्टेरॉल, मुख्यतः बीटा-सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल आणि स्टिग्मास्टेरॉल, ही कोलेस्टेरॉलची चुलत भावंडं. चार कड्यांचा सांगाडा तोच, शेपटीला एखाद-दुसरा कार्बन जास्त. या सारखेपणामुळेच ती उपयोगी पडतात. आतड्यात कोलेस्टेरॉल पित्ताच्या सूक्ष्म थेंबांत बसून आत शिरतं. त्या थेंबांत जागा मोजकी. स्टेरॉल ती जागा अडवतं, कोलेस्टेरॉल बाहेर राहतं आणि शौचावाटे जातं. स्टेरॉल स्वतः मात्र फारसं शोषलं जात नाही. कोलेस्टेरॉल साधारण निम्मं शोषलं जातं, सिटोस्टेरॉल पाच टक्क्यांहूनही कमी.

त्या सांगाड्याच्या दुसऱ्या कड्यात पाचव्या आणि सहाव्या कार्बनमध्ये एक दुहेरी बंध असतो, आणि त्याच्या शेजारचा सातवा कार्बन सगळ्यात हळवा. ऑक्सिजन तिथे चिकटतो. मग ७-हायड्रॉक्सी, ७-कीटो, नाहीतर दुहेरी बंधावरच ५,६-इपॉक्साइड अशी ऑक्साइडं तयार होतात. कोलेस्टेरॉलचंही अगदी असंच होतं, आणि कोलेस्टेरॉलची ही ऑक्साइडं, विशेषतः ७-कीटो, पेशींना त्रासदायक आहेत हे बराच काळ माहीत आहे. म्हणून त्यांच्या या चुलत भावंडांकडेही संशयाने पाहिलं जातं.

आता तवा. २४ सेंटीमीटरच्या तव्यावर दोन चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर तेल पसरलं तर त्याचा थर किती जाड होईल? साधारण पाव मिलिमीटर. त्याच घेराच्या पातेल्यात लिटरभर तेल ओतलं तर खोली दोन सेंटीमीटरच्या वर जाते. म्हणजे तव्यावरच्या प्रत्येक थेंबाला शंभर पट हवा लागते. तळणाच्या कढईत पाण्याची वाफ सतत वर येत असते, तीही हवेला थोडं थोपवते. थालीपीठाच्या कडेने सोडलेल्या तेलाला असं काहीच संरक्षण नसतं. पुष्कळ लोक ‘तळण वाईट, तव्यावर थोडंसं चालतं’ असा हिशेब करतात. तेल पोटात किती गेलं याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. स्टेरॉलच्या ऑक्सिडेशनच्या दृष्टीने मात्र तव्यावरचा पातळ थर हीच जास्त कठीण जागा.

फोडणीचंही तेच. तेल साधारण दीडशे अंशांच्या पुढे गेल्याशिवाय मोहरी नीट तडतडत नाही, आणि आपण ती तडतडायची वाट बघतो. शिवाय स्प्रेडमध्ये एक व्यावहारिक अडचण आहे. कमी मेदाच्या स्प्रेडमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं. गरम कढईत ते तडतड उडतं, पाणी उडेपर्यंत तापमान चढत नाही, आणि मग उरलेला मेद एकदम तापून काळपट पडतो. आईंनी हे पाहिलं असेलच.

किती ऑक्साइड होतं? स्टेरॉल घातलेल्या पदार्थांवर झालेल्या प्रयोगांत, शिजवल्या-भाजल्यानंतर बहुतेकदा एकूण स्टेरॉलच्या एक टक्क्याहून कमी भाग बदललेला सापडतो, काही ठिकाणी तीन टक्क्यांच्या वर. आकडा लहान वाटतो. पण गुणाकार करून बघा. रोजच्या साध्या जेवणातून आपल्याला तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास स्टेरॉल मिळतं, शाकाहारी माणसाला थोडं जास्त. त्याचा एक टक्का म्हणजे तीन मिलिग्रॅम. स्प्रेडमधून बाबा दिवसाला सव्वादोन ग्रॅम घेणार आणि ते सगळं तव्यावर गेलं, तर त्याचा एक टक्का साडेबावीस मिलिग्रॅम. टक्केवारी तीच, मात्रा सात पट. नेहमीच्या तेलातल्या स्टेरॉलसाठी जो प्रश्न कुणी विचारतही नाही, तो घातलेल्या स्टेरॉलसाठी विचारावा लागतो, तो यामुळे.

इथे एक चुकीचा तर्क वारंवार ऐकू येतो: नारळाचं तेल किंवा तूप तापायला पक्कं, मग स्प्रेड त्यात मिसळून फोडणी दिली तर स्टेरॉल टिकेल. १८० अंशांच्या आसपासच्या प्रयोगांत उलटं दिसलं आहे. सूर्यफुलासारख्या असंतृप्त तेलात मेदाम्लं ऑक्सिजनला आधी सापडतात आणि स्टेरॉलला थोडी सवड मिळते. संतृप्त मेदात ऑक्सिजनला दुसरं फारसं खाद्य नसतं, तेव्हा तो स्टेरॉलकडेच वळतो. तेल टिकाऊ असलं म्हणून त्यात विरघळलेलं स्टेरॉल टिकाऊ होत नाही. तेलातलं व्हिटॅमिन ई मदत करतं, पण तळणाच्या आचेत ते स्वतःच लवकर संपतं.

तुपाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण इंग्लंडमधल्या आपल्या लोकांशी तिचा थेट संबंध आहे. १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मार्क जेकबसन या संशोधकांचा एक निबंध आला. भारतीय तुपाच्या नमुन्यात एकूण स्टेरॉलपैकी सुमारे १२ टक्के कोलेस्टेरॉलची ऑक्साइडं सापडली, ताज्या लोण्यात नाही, आणि परदेशी गेलेल्या भारतीयांमधल्या हृदयविकाराचं हे एक कारण असू शकेल असं त्यांनी सुचवलं. त्यावरून बरीच खळबळ झाली. पुढे इतरांनी मोजलं तेव्हा ताज्या कढवलेल्या तुपात ही ऑक्साइडं फारशी नसतात, पुन्हापुन्हा तापवल्यावर आणि बरेच दिवस ठेवल्यावर वाढतात, असं दिसलं. मोजणीही नाजूक आहे. नमुना हाताळताना हवा लागली तर प्रयोगशाळेतच ऑक्साइडं तयार होतात, आणि साबणीकरण गरम केलं तर ७-कीटो नष्ट होतं. माझ्या हातूनही सुरुवातीला दोन्ही चुका झाल्या आहेत. एकच तूप सकाळी एक आकडा देई आणि संध्याकाळी दुसरा. म्हणून या क्षेत्रात एका निबंधातल्या एका आकड्यावर मी कधी घाबरलो नाही आणि कधी निर्धास्तही झालो नाही.

सुरक्षिततेबद्दल आज काय ठरलं आहे ते बघू. १९९५ साली फिनलंडमध्ये पहिलं असं मार्जरिन बाजारात आलं, स्टॅनॉल एस्टरचं. स्टॅनॉल हे स्टेरॉलचं जवळचं भावंड, आणि एस्टर म्हणजे ते मेदाम्लाशी जोडलेलं रूप. त्याच वर्षी तिथल्या मिएट्टिनेन यांच्या गटाने नॉर्थ कारेलिया भागातल्या १५३ माणसांवरचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. एलडीएल सुमारे १४ टक्क्यांनी उतरलं. युरोपीय संघाने २००० साली स्टेरॉल एस्टर घातलेल्या स्प्रेडला परवानगी दिली, आणि त्या परवानगीतच स्वयंपाकाचे व तळणाचे मेद स्पष्टपणे वगळले होते. पुढे शिजवण्या-भाजण्यासाठीही वापर वाढवू द्यावा असा अर्ज झाला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे एफ्साने, २०२० साली तो तपासला आणि या वापराची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही असा निष्कर्ष दिला. अडचण तापवल्यावर होणाऱ्या ऑक्साइडांचीच होती.

‘सिद्ध झालेली नाही’ आणि ‘घातक आहे’ यांत मोठं अंतर आहे, ते ध्यानात घ्या. आजवर आईंनी त्यात थालीपीठं लावली म्हणून बाबांचं काही बिघडलं, असं मी म्हणणार नाही, तुम्हीही मनाला लावून घेऊ नका. पण ज्याचा फायदा थंड खाऊनही पूर्ण मिळतो, ते तापवून एक शंका का पोटात घालायची? त्यातून मोजमापही बिघडतं. तव्याला किती चिकटलं, थालीपीठात किती उतरलं, ते कुणाच्या ताटात गेलं, काही कळत नाही. स्टेरॉल ही मात्रा आहे. ती चुलीवर ओतली की मात्रा राहत नाही.

डब्यावर ‘स्टेरॉल’ लिहिलंय की ‘स्टॅनॉल’, तेही एकदा वाचा. स्टॅनॉलमध्ये तो पाचव्या-सहाव्या कार्बनमधला दुहेरी बंधच नसतो, म्हणून ऑक्सिजनला शिरकाव कमी. आचेत ते बरंच जास्त टिकतं, आणि शरीरात शोषलंही कमी जातं. कोलेस्टेरॉलवरचा परिणाम दोघांचा जवळजवळ सारखा. भावाला पर्याय असेल तर स्टॅनॉलचा डबा आणायला सांगा. तरी तोही फोडणीला नको, मोजमापाचं कारण तिथेही लागू आहेच.

एस्टर का करतात, हेही विचारलं जातं. नोकरीच्या सुरुवातीला मी शेंगदाणा तेलात शुद्ध स्टेरॉलची पूड घालून पाहिली होती. गरम असताना सगळं स्वच्छ विरघळलं. सकाळी येऊन पाहिलं तर बाटलीच्या तळाशी भिजलेल्या रव्यासारखा थर. मोकळं स्टेरॉल थंड तेलात एक-दोन टक्क्यांच्या पुढे राहतच नाही. मेदाम्लाशी जोडून एस्टर केलं की ते मेदातच मिसळून जातं, जिभेला कण लागत नाहीत. आतड्यात गेल्यावर एन्झाइम ती जोडणी तोडतात. घरच्या घरी स्टेरॉलच्या कॅप्सूल फोडून तेलात घालण्याचे प्रयोग काही लोक करतात, ते यामुळेच फसतात.

आता राइस ब्रान. हो, नेहमीच्या तेलांत ते स्टेरॉलच्या बाबतीत सगळ्यात श्रीमंत: किलोला १० ते ३० ग्रॅम. सूर्यफुलात अडीच ते पाच, शेंगदाण्यात एक ते तीन, पामतेलात एक ग्रॅमसुद्धा नाही. शिवाय भौतिक पद्धतीने, म्हणजे अल्कलीशिवाय वाफेने, रिफाइन केलेल्या राइस ब्रानमध्ये टक्काभर ओरिझॅनॉल (स्टेरॉलसारख्या संयुगांचं मिश्रण) राहतं. अल्कलीने धुतलेल्या तेलात ते बरंचसं सोपस्टॉकमध्ये, म्हणजे धुताना निघणाऱ्या साबणाच्या गाळात, निघून जातं. पण माणशी दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम तेल धरलं तर त्यातून मिळणारं स्टेरॉल पाव ते पाऊण ग्रॅम. एलडीएल सात-दहा टक्क्यांनी उतरायला दीड ते अडीच ग्रॅम लागतं. म्हणजे राइस ब्रान हे चांगलं रोजचं तेल आहे, स्प्रेडची जागा ते घेत नाही. आणि ‘स्टेरॉल मिळतं’ म्हणून तेल जास्त ओतणं तर अगदीच नको. त्यात फोडणी देताना स्टेरॉलच्या ऑक्साइडची काळजी करू नका. मघाचा गुणाकार पुन्हा केलात तर मात्रा किती लहान आहे ते दिसेल. फक्त एकदा तळलेलं तेल पुन्हापुन्हा वर काढू नका. हॉटेलांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८पासून तळणाच्या तेलात ध्रुवीय घटकांची (तेल बिघडल्यावर तयार होणाऱ्या पदार्थांची) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरी मोजायचं यंत्र नसतं, पण तेल दाट झालं, फेस बसेना, वास जड आला, की ते गेलं असं समजा.

मग बाबांना कसं द्यायचं? बहुतेक डब्यांवर दहा ग्रॅममध्ये पाऊण ग्रॅम स्टेरॉल असं लिहिलेलं असतं. आपल्या डब्यावरचा आकडा वाचून घ्या. एकदा काट्यावर दहा ग्रॅम मोजून ते कुठल्या चमच्यात किती दिसतं ते बघून ठेवा, म्हणजे रोज काटा लागणार नाही. दोन किंवा तीन वेळा, मुख्य जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी उपयोग कमी, कारण पित्त जेवणाबरोबर येतं आणि अडवायचं कोलेस्टेरॉलही तेव्हाच समोर असतं. तव्यावरून काढलेल्या पोळीला किंवा भाकरीला ताटात लावलं तर चालेल. गरम वरणभातावर, आच बंद केल्यावर उपम्यात, हेही चालेल. तिथे तापमान शंभराच्या खाली असतं आणि दोन मिनिटांत ते पोटात जातं. हे स्प्रेड तुपाच्या किंवा लोण्याच्या जागी द्यायचं, त्यांच्यावर आणखी नाही. दिवसाला एकूण तीन ग्रॅम स्टेरॉलच्या पुढे जायचं नाही. त्यापुढे फायदा फारसा वाढत नाही.

गोळी बंद करायची नाही, हे बाबांना स्पष्ट सांगा. स्टॅटिन यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतं, स्टेरॉल आतड्यातलं शोषण. दोन्हींचा परिणाम एकमेकांत भर घालतो. स्प्रेडमुळे एलडीएल उतरतं हे पक्कं आहे, पण त्याने हृदयविकाराचे झटके कमी होतात हे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही. स्टॅटिनच्या बाबतीत ती झाली आहे. स्प्रेड सुरू आहे हे डॉक्टरांनाही सांगा.

स्टेरॉलमुळे रक्तातलं बीटा-कॅरोटीन थोडं कमी होतं. गाजर, लाल भोपळा, पालेभाजी यांपैकी काहीतरी रोज ताटात असलं की ते भरून निघतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी हे स्प्रेड नाही. लेबलवर तसं छापलेलंच असतं, परदेशात आणि आपल्याकडेही. म्हणून नातीचा केक साध्या लोण्यात किंवा तेलात करा. तिला कोलेस्टेरॉल अडवून घ्यायची काही गरज नाही, आणि कॅरोटीनची आहे.

एक दुर्मीळ गोष्ट विचारून ठेवतो. घरात कुणाला लहान वयातच कोपरावर, टाचेच्या मागच्या शिरेवर पिवळट गाठी आल्या होत्या का? सिटोस्टेरोलेमिया नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. १९७४ साली भट्टाचार्य आणि कॉनर यांनी दोन बहिणींमध्ये तो प्रथम वर्णन केला. अशा माणसांत वनस्पतींचं स्टेरॉल बाहेर टाकणारी यंत्रणाच बिघडलेली असते आणि ते रक्तात साचतं. त्यांना हा डबा पूर्ण वर्ज्य. शक्यता फार थोडी आहे, पण विचारायला एक मिनिट लागतं.

डबा फ्रिजमध्ये ठेवा, झाकण घट्ट, चमचा कोरडा. विमानाच्या सामानात दिवसभर गरम झालेल्या डब्यात पाणी सुटलेलं दिसलं किंवा जुन्या रंगासारखा वास आला तर तो टाकून द्या. फोडणीसाठी सध्या जे तेल घरात आहे तेच चालू ठेवा. स्प्रेड ठरलेल्या मात्रेत सुरू केल्या दिवसाची तारीख डब्यावर लिहा आणि सहा आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, लिपिड प्रोफाइल करा. परिणाम व्हायचा असेल तर दोन-तीन आठवड्यांत होतो, तेव्हा सहा आठवडे पुरेसे आहेत. मधल्या काळात गोळीची मात्रा बदलली गेली तर मात्र आकडा कशामुळे उतरला ते सांगता येणार नाही, म्हणून शक्य असेल तर डॉक्टरांना विचारून तेवढा काळ ती आहे तशी ठेवा. अहवाल आला की जुना आणि नवा, दोन्ही एलडीएल मला कळवा.